भात कापून झालं, आता वाफे टाकायच्या आधी नाल्याच्या पाण्याचं बघा

मंडळी, भात कापून झालंय, झोडणी कुणाची उरकली कुणाची चालू आहे, आणि आता कल्याण-शीळ पट्टा, दिवा, मुंब्रा, कळवा, इकडे दिघ्यापासून तुर्भे आणि खाली तळोजा-पनवेलपर्यंत पालक, माठ, मुळा, मेथीचे वाफे पडायला लागतील, रेल्वे लाइनच्या कडेचे मळे तर आधीच हिरवे व्हायला लागलेत. पेरायच्या आधी एकच गोष्ट ठरवा, पाणी कुठलं लावणार. नाल्यात पाणी उपसायचं इंजिन टाकणार असाल तर हे सगळं नीट वाचा.

पावसाळ्यात आपल्या नाल्यांत पारसिकच्या डोंगराचं पाणी मिसळतं, त्यामुळे घाण पातळ होते. दिवाळी झाली की डोंगराचं पाणी आटत जातं पण नाला काही आटत नाही, बारा महिने वाहतो. मग तो वाहतोय कशावर? वरच्या बिल्डिंगांचं, चाळींचं, हॉटेलांचं, गॅरेजांचं आणि हॉस्पिटलांचं सांडपाणी, बास. म्हणजे ज्या महिन्यांत आपल्याला पाण्याची सगळ्यात जास्त गरज असते त्याच महिन्यांत नाला सगळ्यात घाण असतो, आणि नेमकी तेव्हाच आपण पालेभाजी घेतो.

त्यात हॉस्पिटलच्या पाण्याबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण कारखान्याचं पाणी निदान रंगावरून, वासावरून कळतं, हे कळत नाही. घरात माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, हॉस्पिटलला एका खाटेमागे ३४० ते ४५० लिटर, आणि त्यातलं बरंचसं सांडपाणी होऊन बाहेर पडतं. वॉर्डातले संडास-बाथरूम, लॅबमधलं रक्त-लघवी, ऑपरेशन थिएटरची धुणी, लॉन्ड्री, फिनेल, जुन्या पद्धतीच्या एक्स-रेचं केमिकल, सगळं त्यात. पेशंटला दिलेली अँटिबायोटिक पूर्ण अंगात जिरत नाहीत, बरीचशी लघवीतून तशीच बाहेर येतात. कॅन्सरच्या औषधांचंही काही प्रमाणात तसंच. बायोमेडिकल वेस्टचे, म्हणजे दवाखान्यातल्या कचऱ्याचे, २०१६ चे नियम स्पष्ट आहेत, असलं पाणी बाकीच्या सांडपाण्यात मिसळायच्या आधी हॉस्पिटलने त्यावर प्रक्रिया करायची, एकही खाट नसलेल्या क्लिनिकनेसुद्धा संसर्गाचं पाणी जंतू मारूनच सोडायचं. नियमात एक कसोटी अशीही आहे की प्रक्रिया केलेल्या पाण्यात मासे सोडले तर ९६ तासांनी १०० तले ९० जिवंत राहिले पाहिजेत. आता आपल्याकडच्या नाल्यात मासा कधी दिसला होता ते तुम्हीच आठवा. सगळा दोष हॉस्पिटलांचा असं माझं म्हणणं नाही, घरोघरी गोळ्या खाणारी माणसं आहेतच, पण हॉस्पिटलच्या पाण्यात औषधं आणि औषधांना न जुमानणारे जंतू दोन्ही एकाच जागी येतात आणि खरी भीती त्याची आहे. २०१० साली दिल्लीत उघड्यावर साचलेल्या पाण्याचे १७१ नमुने तपासले होते, ५१ मध्ये एनडीएम-१ हे जनुक सापडलं, ज्याच्यामुळे भारीतली भारी अँटिबायोटिक चालत नाहीत. नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोन नमुन्यांतही निघालं. असे जंतू भाजीवरून घरात आले तर उद्या साध्या जखमेला औषध लागू पडणार नाही, आणि ती जखम आपल्याच पोराची असू शकते.

आता करायचं काय. नाल्याशिवाय दुसरं पाणीच नसेल तर पालेभाजी आणि कच्चं खायचं पीक घेऊ नका, म्हणजे कोथिंबीर, पुदिना, मुळा, पालक, काकडी. हे सांगताना मला माहितीये की पालेभाजी महिन्याभरात पैसे देते आणि बाकीचं तेवढं पटकन देत नाही, तरीपण सांगतो, कारण पानाला पाणी थेट लागतं, आणि काही औषधं मुळातून चढून पानातच साठतात, ती धुऊन जात नाहीत. दाण्यात आणि फळात त्यामानाने कमी जातात. भाताच्या ओलीवर वाल टाका, आपल्या मातीला वाल नवीन नाही, त्याला वरून पाणी जवळजवळ लागतच नाही आणि आपल्याकडे वालाला गिऱ्हाईकही आहे. थोडं पाणी असेल तर झेंडू. मांडवावरची दुधी, शिराळी चालतील, फळ जमिनीपासून वर राहतं आणि शिजवूनच खातात, पण पाणी बुंध्याशी द्या. विहीर किंवा बोअर थोडी चालत असेल तर ते चांगलं पाणी पालेभाजीच्या दोन-चार वाफ्यांना राखून ठेवा, सगळीकडे थोडं थोडं नको. आणि विहीर नाल्याला अगदी खेटून असेल तर तिचं पाणीही एकदा तपासून घ्या, नाला झिरपतो.

नाल्याचं पाणी लावायचंच असेल तर झारीने, पाइपने, फवाऱ्याने वरून मारू नका. सरीतून द्या, जमलं तर ठिबक करा, पण गाळामुळे नळ्या तुंबतात म्हणून फिल्टर लागेलच. इंजिन थेट नाल्यात टाकण्यापेक्षा शेतात खड्डा करून पाणी त्यात दोन-तीन दिवस ठेवा आणि वरचं वरचं हळू उचला, तळ ढवळू नका, जंतांची अंडी जड असतात ती बरीचशी खाली बसतात. औषधं मात्र याने जात नाहीत. काही जण खड्ड्यात ब्लीचिंग पावडर टाकतात, त्याचा भरवसा धरू नका, घाण पाण्यात ती घाणीवरच खर्च होते आणि जास्त पडली तर पीक जळतं. काढणीच्या आधी निदान आठवडाभर, जमलं तर दोन आठवडे नाल्याचं पाणी बंद ठेवा, उन्हाने वरचे बरेच जंतू मरतात.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, काढलेल्या भाजीच्या जुड्या नाल्यात बुडवून धुऊ नका. माती जाते, भाजी टवटवीत दिसते, सकाळी स्टेशनबाहेर लवकर खपते, सगळं खरं आहे, पण वाफ्याला तुम्ही चांगलं पाणी लावलेलं असेल ना तर तेही या एका बुडवण्याने वाया जातं, कारण मध्ये ऊन नाही, दिवस नाहीत, तीच ओली जुडी दोन तासांत कुणाच्या तरी पिशवीत असते. एक पिंप नळाचं किंवा बोअरचं पाणी भाजी धुवायला वेगळं ठेवा, गढूळ झालं की बदला.

नाला उपसल्यावर काठावर जो काळा गाळ टाकतात तो खत म्हणून उचलू नका. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक आणि जड धातू गाळालाच चिकटून बसतात, आणि मातीतल्या ज्या जिवाणूंवर आपलं पीक उभं आहे त्यांनाही ते सोसत नाही. म्हशींनाही नाल्यात उतरवू नका.

पाणी तपासायला देताना कोल्ड्रिंकची बाटली नको. शेतीच्या लॅबमध्ये क्षार आणि सामू (पीएच) कळतो, जंतूंसाठी वेगळी तपासणी लागते, त्यांच्याकडूनच निर्जंतुक बाटली घ्या, बर्फात ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. नाल्यात अचानक फेस, औषधाचा उग्र वास, सलाइनच्या नळ्या दिसल्या तर लोकेशनसकट फोटो काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी द्या. मंडळाची प्रादेशिक ऑफिसं ठाणे, कल्याण, नवी मुंबई तिन्हीकडे आहेत. पोचपावती घेतल्याशिवाय परत येऊ नका, आणि चार-पाच मळेवाल्यांनी मिळून दिलेला अर्ज एकट्याच्या अर्जापेक्षा लवकर हलतो.

पाणी धरताना गमबूट आणि रबरी हातमोजे घालाच, बायकांनीही, कारण खुरपणीला चिखलात हात त्यांचेच असतात. चिखलात इंजेक्शनची सुई टोचली तर बोट पिळू नका, तोंडात तर अजिबात घालू नका, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि तसंच सरकारी हॉस्पिटलला जा. एचआयव्ही होऊ नये म्हणून जी औषधं देतात ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितक्या लवकर तितकं बरं. धनुर्वात आणि कावीळ-बीच्या इंजेक्शनचंही तिथेच विचारा, संध्याकाळी काम संपल्यावर बघू असं करू नका.