समुद्रपक्ष्यांची नावं अशी उलगडा
आधी आवाज ऐका, मग शब्दकोश उघडा. जपानी शिकवताना मी हाच क्रम धरते. जपानमधल्या हाचिनोहे शहरात काबुशिमा या ठिकाणी उमिनेको, एका जातीचे कुरव (सीगल), ओरडतात ते हुबेहूब मांजरासारखं. उमि म्हणजे समुद्र, नेको म्हणजे मांजर. कोरियनमध्येही तो मांजर-कुरवच: ग्वेंगी-गाल्मेगी. चिनी नावाने मात्र काळी शेपटी टिपली.

अक्षरात फार खोल शिरू नका. कुरवाच्या चिनी अक्षरात उजवीकडे पक्षी असतो, डावी बाजू उच्चारापुरती.

मग पक्ष्याचं वागणं बघा. जमिनीवर सहज हाती लागणारा अल्बाट्रॉस हा मोठा समुद्रपक्षी जपानीत ‘आहोदोरी’, म्हणजे मूर्ख पक्षी. हे नाव मला सलतं. जपानच्या तोरिशिमा बेटावर पिसांसाठी त्याची बेसुमार कत्तल झाली. चिनी ‘शिन्त्येनवेंग’, आभाळावर भरवसा ठेवणारा म्हातारा, किती मायेचं! कोरियन ‘सिनचॉनोंग’ ही तीच अक्षरं, उच्चार कोरियन.