हेरिटेज इमारतीची दुरुस्ती काढताय? परांची बांधण्याआधी या चुका टाळा

मार्च-एप्रिल आला की मुंबईतल्या जुन्या इमारतींमध्ये दुरुस्तीच्या बैठका सुरू होतात. गच्ची गळतेय, सज्जाचे पोपडे पडतायत, पावसाळ्याआधी काम उरकायचंय. कंत्राटदाराचा दर मंजूर होतो, परांची चढते आणि परवानगी न घेतल्यामुळे आठवडाभरात महापालिकेची काम थांबवण्याची नोटीस दारावर लागते. पावसाळा मग ताडपत्रीखाली जातो. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे नकाशे करताना मी हे इतक्यांदा पाहिलंय, की आता कुणी फोन केला तर पहिला प्रश्न हाच विचारतो: काम सुरू तर केलं नाहीत ना?

'नुसता रंग तर लावायचाय'

सर्वांत जास्त लोक इथेच अडकतात. साध्या इमारतीत किरकोळ डागडुजीला परवानगी लागत नाही, तोच हिशेब इथेही धरला जातो. मुंबईत हेरिटेजचे नियम १९९५ पासून लागू आहेत आणि आता ते विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ च्या ५२व्या नियमात आहेत. हेरिटेज यादीतल्या इमारतीत भर घालणं, बदल करणं किंवा काही पाडणं याबरोबरच दुरुस्ती, गिलावा आणि रंगकाम यांचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. आयुक्तांची लेखी परवानगी आधी घ्यायची आणि आयुक्त ती हेरिटेज समितीचा सल्ला घेऊन देतात.

रंगासाठी एवढं कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण मालाडच्या पिवळ्या दगडावर प्लास्टिक पेंटचा थर बसला, की भिंतीत मुरलेलं पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही. ते आतच कोंडतं, क्षार फुलतात आणि दगडाचा पापुद्रा रंगासकट सुटून येतो. सिमेंटच्या गिलाव्याचंही तेच. विटा आणि चुन्याची भिंत मऊ असते, ती ओल घेते आणि सोडते. तिच्यावर कडक सिमेंट चढवलं की गिलावा शाबूत दिसतो आणि आतली वीट भुसभुशीत होत जाते. म्हणून अर्जात 'प्लास्टर दुरुस्ती' असे मोघम शब्द लिहू नका. कुठल्या भिंतीचा किती भाग, चुना कोणता, त्यात सुरखी म्हणजे विटेची पूड किती, थराची जाडी किती, हे लिहा. एवढ्या तपशिलानं निम्मे प्रश्न आधीच मिटतात.

आज काय आहे, हे फाईलमध्ये नसणं

माझ्या अनुभवात फाईल परत येण्याचं हे सर्वांत मोठं कारण. नव्या कामाचे नकाशे देखणे असतात, पण इमारतीत आज काय आहे याचा पत्ता नसतो. समितीला तुलना करायची असते, ती कशाशी करणार?

परांची चढण्याआधी चारही बाजूंचे फोटो काढा. मग प्रत्येक खिडकी, कठडा, ब्रॅकेट, जिन्याचा कठडा, जमिनीच्या लाद्या. इमारतीची प्रत्यक्ष मापं घेऊन नकाशा करा, प्रत्येक खिडकीला क्रमांक द्या आणि त्या क्रमांकासमोर अवस्था व उपाय लिहा. काम कंटाळवाणं आहे, पण यातून पैसे वाचतात. कंत्राटदार सरसकट चाळीस खिडक्या बदलण्याचा दर देतो. तपासलं की बऱ्याच ठिकाणी चौकटीचा फक्त खालचा आडवा भाग कुजलेला निघतो. तेवढाच कापून जुन्या सागवानाचा सांधा देता येतो. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारतींमध्ये तर हे फारच जपायला हवं. २०१८ मध्ये युनेस्कोनं फोर्ट आणि मरीन ड्राइव्हच्या त्या समूहाला जागतिक वारशात घेतलं. तिथल्या गोलाकार बाल्कन्या आणि आडव्या छज्ज्यांच्या रेषा अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनी बंद केल्या, की इमारतीचा चेहराच पुसला जातो. याचं मला खरंच वाईट वाटतं.

दर्जा न पाहता आराखडा

हेरिटेज यादीतल्या इमारतींना महत्त्वानुसार दर्जे (ग्रेड) दिलेले असतात. पहिल्या दर्जाच्या इमारतीत तिचं आयुष्य वाढवायला लागेल तेवढंच काम होतं. दोन-अ मध्ये आतल्या बदलांना आणि नव्या वापराला वाव असतो, पण बाहेरच्या रूपावर काटेकोर नजर असते. दोन-ब मध्ये त्याच आवारात साजेसं वाढीव बांधकाम होऊ शकतं, तर तिसऱ्या दर्जात मोकळीक जास्त. तुमचं घर यादीत नसेल, पण खोताच्या वाडीसारख्या हेरिटेज परिसरात असेल, तरीही नियम लागतात. आधी दर्जा पाहा, मगच आर्किटेक्टला काम सांगा.

एकाच खिडकीवर रांग लावणं

हेरिटेज परवानगी मिळाली म्हणजे सगळं मिळालं, असं नाही. इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाशीही बोलावं लागतं. पागडीचे भाडेकरू अर्ज करत असतील तर मालकाच्या संमतीचा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवा, कारण शेवटी तो निघाला की सगळं ठप्प होतं. पुण्यात शनिवारवाड्याजवळ किंवा मुंबईत जोगेश्वरीच्या लेण्यांजवळ राहत असाल, तर केंद्राचा कायदा वेगळा आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तिथे दुरुस्तीलाही राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची वेगळी परवानगी लागते.

इमारत धोकादायक असल्याची नोटीस आली, तर माणसं हलवणं आणि टेकू लावणं यात एक दिवसाचाही उशीर करू नका. पण ती नोटीस म्हणजे पाडकामाची हेरिटेज परवानगी समजू नका.

काम सुरू झालंच असेल तर

ताबडतोब थांबवा. उघड्या पडलेल्या भागावर ताडपत्री टाका, आहे त्या अवस्थेचे फोटो काढा आणि उतरवलेली एकही वस्तू भंगारात देऊ नका. जुने कठडे, दारं, लाद्या, बिडाचे खांब क्रमांक घालून आवारातच ठेवा. खुलासा देताना जे झालं ते सरळ लिहा आणि पूर्ववत कसं करणार, त्याचा नकाशा जोडा. शक्य असेल तर मागच्या भिंतीवर दीड-दोन फुटांचा चुन्याच्या गिलाव्याचा नमुना करू देण्याची परवानगी मागा. पाहणीला आलेल्या अधिकाऱ्यांना त्या तुकड्यावर हात ठेवून पाहू द्या.