बी फॉर्म मागण्याआधी या चुका टाळा

जानेवारी नाहीतर जुलै उजाडला की फोन सुरू होतात. "भाऊ, बी फॉर्मचं करून टाका ना, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तरी चालते." नाही चालत. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे या दोन महिन्यांत इमारतीची आग विझवायची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजेच बी फॉर्म, आमच्यासारख्या परवानाधारक एजन्सीकडून घ्यावं लागतं. सही आमची, पण यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची. धोकादायक ठरलेल्या इमारतीची वीज-पाणी तोडायची सोयही याच कायद्यात आहे.

माझं डोकं सर्वात जास्त फिरतं ते फायरच्या टाकीवरून, म्हणजे आग विझवायला राखून ठेवलेल्या पाण्याच्या टाकीवरून. मनीषनगरकडच्या एका सोसायटीत भर मे महिन्यात होज रील, म्हणजे चाकावर गुंडाळलेला आग विझवायचा पाइप, उघडली. आधी फुस्स करून हवा, मग गढूळ धार, मग काहीच नाही. पंप गरगरतोय, दाबाचा काटा शून्यावरून हलेना. टाकीचं झाकण काढलं तर तळाला वीतभर पाणी आणि त्यात सोडलेला टुल्लू पंपाचा पाइप. कुलर भरायला! कोरड्या फिरण्याने पंपाचं सीलही गेलं. सचिव शांतपणे म्हणाले, "आग का रोज लागते? कुलर रोज लागते."

आता मी पाइपिंगच बदलायला लावतो. नळाचं पाणी आधी फायरच्या टाकीत, ती भरून वाहिली की घरगुती टाकीत. म्हणजे फायरची टाकी भरलेली राहते आणि पाणीही शिळं होत नाही. वर झाकणाला कुलूप. किल्ली वॉचमनकडे ठेवायची; सचिवांकडे मी देत नाही.

पंपाचं पॅनेल 'मॅन्युअल'वर ठेवू नका, मग पंप आपोआप सुरू होत नाही. लाइन गळते म्हणून जॉकी पंप (लाइनमधला दाब टिकवणारा छोटा पंप) रात्रभर चालू-बंद होतो, कुणाची तरी झोप मोडते आणि बटन फिरवलं जातं. गळती काढा की!

आग विझवायच्या सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडरला दाब दाखवणारा गेज नसतो, त्याचं वजनच करावं लागतं. फडक्याने पुसणं म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे.

फायरचा कोर्स करून आलेली पोरं पहिल्याच महिन्यात बी फॉर्मवर सही करायला निघतात. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या नागपुरातच आहे, तिथलं शिक्षण उत्तमच. पण या कायद्याखालचा परवाना देतात राज्याच्या अग्निशमन सेवेचे संचालक. कुणालाही काम देण्याआधी तो परवाना मागा, त्यावरची मुदत वाचा. स्वस्तातल्या माणसाकडे नेमका तोच "घरी राहिलेला" असतो.

आणि जिन्यातले जुने कुलर भंगारात काढा.