गृहकर्जांवर आधारित पीटीसीचे उत्पन्न विवरणपत्रात कसे दाखवावे

सोलापुरात चादर आणि टेरी टॉवेलच्या व्यवसायातून उरलेला पैसा बहुधा मुदत ठेवी, जमीन आणि सोने यांत गुंतवला जातो, आणि त्यांच्या करआकारणीची रीत इथल्या प्रत्येक मुनिमाला पाठ असते. गृहकर्जांच्या तारणावर निघालेल्या पास-थ्रू सर्टिफिकेटचे, म्हणजे पीटीसीचे, मात्र तसे नाही. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार यात किमान एक कोटी रुपये गुंतवावे लागत असल्याने हे साधन मोठी कुटुंबे आणि संस्था यांच्यापुरतेच आहे. परंतु रक्कम मोठी असल्यामुळे विवरणपत्रातील चूकही मोठी होते. पुढील विवेचन आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या उत्पन्नासाठी, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्यानुसार आहे.

प्रथम पैसा कोठून येतो ते पाहावे. गृहवित्त कंपनी आपल्याकडील शेकडो गृहकर्जांचा संच एका सिक्युरिटायझेशन ट्रस्टला, म्हणजे केवळ याच कामासाठी स्थापलेल्या न्यासाला, विकते आणि ट्रस्ट त्या संचावर गुंतवणूकदारांना पीटीसी देतो. जुळे सोलापुरातील एखाद्या कर्जदाराचे कर्ज अशा संचात गेले, तर तो हप्ता पूर्वीप्रमाणेच भरत राहतो, परंतु त्यातील मुद्दल आणि व्याज ठरलेल्या क्रमाने पीटीसीधारकांपर्यंत पोहोचते. भारतात राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने २००० साली याची सुरुवात केली.

कराचा मूळ नियम कलम ११५टीसीए मध्ये आहे. ट्रस्टचे या व्यवहारातील उत्पन्न कलम १०(२३डीए) खाली करमुक्त असते आणि कर गुंतवणूकदाराने भरायचा असतो, जणू त्याने ती कर्जे स्वतःच दिली होती. ट्रस्टच्या हातात जे व्याज होते ते तुमच्या हातातही व्याजच राहते. २०१३ ते २०१६ या काळात ट्रस्ट स्वतः वाटपावर कर भरत असे. १ जून २०१६ पासून ती पद्धत बंद झाली. जुन्या फायलींवरून नवे विवरणपत्र तयार करणाऱ्यांनी हा बदल विसरू नये.

आता प्रत्यक्ष काम. सर्वप्रथम ट्रस्टकडून फॉर्म ६४-एफ मधील विवरण मिळवावे आणि हिशेबाचा आधार तेच धरावे, बँकेचे पासबुक नव्हे. मुदत ठेवीत मुद्दल शेवटी एकदम परत येते, म्हणून मधली जमा रक्कम व्याजच असते. पीटीसीच्या प्रत्येक जमा रकमेत मात्र मुद्दलाचा भाग मिसळलेला असतो, आणि कर्जदारांनी मुदतीआधी कर्ज फेडले तर एखाद्या महिन्यात तो भाग अचानक वाढतो. मुद्दल हे उत्पन्न नाही. ते वेगळे काढले नाही, तर आपल्याच भांडवलावर कर भरला जातो.

दुसरी बाब मार्च महिन्याची आहे, आणि माझ्या मते सर्वाधिक काळजी इथेच घ्यायला हवी. कर्जदारांनी मार्चमध्ये भरलेले हप्ते गुंतवणूकदाराला अनेकदा एप्रिलमध्ये मिळतात. परंतु वर्षभरात ट्रस्टला उपार्जित झालेले आणि तुम्हाला न दिलेले उत्पन्न ३१ मार्च रोजी तुमच्या खात्यात जमा झाले असे कायदा मानतो. समजा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत कारखाना असलेल्या एका हिंदू अविभक्त कुटुंबाने १ एप्रिल २०२५ रोजी एक कोटी रुपये गुंतवले. वर्षभरात बँकेत १७,४५,००० रुपये आले. त्यांपैकी ११,००,००० मुद्दल आणि ६,४५,००० व्याज. मार्चचे ५५,००० रुपयांचे व्याज एप्रिल २०२६ मध्ये मिळाले. तर २०२५-२६ चे करपात्र उत्पन्न ७,००,००० रुपये होईल, ना १७,४५,००० ना ६,४५,०००. एकदा कर लागलेले ते ५५,००० प्रत्यक्ष मिळाल्याच्या वर्षी पुन्हा धरायचे नाहीत, असेही कायदा स्पष्टपणे सांगतो. म्हणून त्यांची नोंद पुढील वर्षाच्या फायलीत आजच करून ठेवावी.

हे व्याज सामान्यतः ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ या शीर्षकाखाली दाखवावे. गुंतवणुकीसाठी कर्ज काढले असेल, तर त्या कर्जावरील व्याज कलम ५७ नुसार वजा मागता येते, मात्र कर्जाचा पैसा याच गुंतवणुकीत गेल्याचा पुरावा हवा. ज्येष्ठ नागरिकांना ठेवींच्या व्याजावर मिळणारी कलम ८०टीटीबीची वजावट येथे लागू होत नाही. गृहकर्जाच्या सवलतीही कर्जदाराच्याच, गुंतवणूकदाराच्या नव्हेत.

कलम १९४एलबीसी नुसार ट्रस्टने उत्पन्नावर टीडीएस कापायचा असतो. १ एप्रिल २०२५ पासून निवासी गुंतवणूकदारासाठी हा दर १० टक्के आहे. त्यापूर्वी व्यक्ती आणि हिंदू अविभक्त कुटुंबासाठी तो २५ टक्के होता. वरील उदाहरणात ७०,००० रुपये कापले जातील. फॉर्म २६एएस, म्हणजे तुमच्या नावे कापलेल्या कराचा आयकर खात्याकडील तक्ता, यातील आकडा फॉर्म ६४-एफ शी ताडून पाहावा. मार्चच्या व्याजावरचा टीडीएस पुढील वर्षात कापला गेला, तर त्याचे श्रेय मागण्यासाठी फॉर्म ७१ आहे. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असले तरी येथे टीडीएस कापू नये असे सांगणारे घोषणापत्र, म्हणजे फॉर्म १५जी किंवा १५एच, चालत नाही. कमी दराने कपात हवी असल्यास कलम १९७ खाली आयकर अधिकाऱ्याकडून प्रमाणपत्र घ्यावे लागते.

तीस टक्क्यांच्या टप्प्यातील करदात्याला ही १० टक्के कपात पुरत नाही. उरलेला कर वर्षाला १०,००० रुपये किंवा अधिक होत असेल, तर तो १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना अग्रिम कर म्हणून भरावा. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या साठ वर्षांवरील निवासी व्यक्तीला यातून सूट आहे. हिंदू अविभक्त कुटुंबाला, कर्ता कितीही वयाचा असला तरी, ती नाही.

शेअर बाजारात सूचिबद्ध पीटीसी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकल्यास भांडवली नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. खरेदीखर्चाची रक्कम ठरवताना तोवर परत आलेले मुद्दल वजा करावे.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा आयकर कायदा लागू असल्याने त्या विवरणपत्रात वरील कलमांचे जुने क्रमांक लिहू नयेत.