पूरक रंग: पाठांतर सोडा, हात चालवा

मालवणात बोर्ड आणि आंब्याच्या पेट्यांची लेबलं करताना माझ्याकडे शिकायला मुलं येतात. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्यांना पूरक रंगांच्या, म्हणजे रंगचक्रात समोरासमोर येणाऱ्या रंगांच्या जोड्या तोंडपाठ असतात: लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा. त्या बाटलीतल्या रंगापुरत्या. कॉम्प्युटरवर मामला प्रकाशाचा, तिथे लालचा जोडीदार सायन (हिरवट निळा), हिरव्याचा मजेंटा (जांभळट गुलाबी) आणि निळ्याचा पिवळा. प्रकाशात जोडी मिसळली की पांढरं होतं. रंगाच्या ताटलीत मात्र बाटलीतल्या रंगांची जोडी मिसळली की दोघं एकमेकांना मारतात आणि करडं-तपकिरी उरतं.

हे मारणंच खरं कामाचं. चिऱ्याच्या भिंतीची सावली करायला नवखा हटकून काळा उचलतो, आणि भिंत कोळशाने माखल्यासारखी दिसते. त्याऐवजी बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग घ्या. तो नारिंगीकडे झुकलेला, म्हणून त्यात अल्ट्रामरीन निळा ब्रशच्या टोकाने थोडा थोडा घाला. आधी नारिंगीचा तोरा उतरतो, मग मातकट छटा येते, शेवटी काळपट राखाडी. सावलीला लागणारा रंग मधेच कुठेतरी सापडतो. कागदाच्या कडेला प्रत्येक टप्प्याचा एक फटका मारून ठेवा.

डोळाही या खेळात सामील असतो. लाल बादलीकडे अर्धा मिनिट टक लावून मग पांढऱ्या भिंतीकडे बघा, निळसर हिरवा डाग तरंगेल. शेव्हरल नावाचा फ्रेंच रसायनतज्ज्ञ पॅरिसच्या गोबलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख होता. काळं सूत फिकं दिसतं अशी तक्रार त्याच्याकडे आली. सुतात खोट नव्हती, शेजारच्या रंगांमुळे ते तसं दिसत होतं. त्यावरचं त्याचं पुस्तक १८३९ साली आलं.

आता गिऱ्हाईक. होमस्टेवाल्यांना हिरव्या बोर्डवर लाल अक्षरं फार आवडतात, 'उठून दिसतं' म्हणून. दोन्ही रंग सारखेच गडद असले की अक्षरांच्या कडा थरथरतात आणि धावत्या एसटीतून काही वाचता येत नाही. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न कळणारे लोकही असतातच. वाद घालू नका. मोबाइलवर बोर्डचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून मालकांना दाखवा. अक्षरं गायब झालेली दिसली की ते स्वतःच पांढरी करा म्हणतात. लाल हवाच असेल तर चिमूटभर ठेवा. लावणीच्या हिरव्यागार शेतात एक लाल लुगडं कसं लांबून दिसतं ते बघा.

रीतसर शिकायचं तर चिपळूणजवळ सावर्ड्याला कला महाविद्यालय आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, हाताने रंगवताना बघायला मिळतात, तेही चुकवू नका. दशावतारी गंजिफांत १२० पत्ते असतात.

लेबलाच्या कामात निळ्यावर नारिंगी हापूस झकास दिसतो, पण पडद्यावर. छपाईच्या चार शाईंत तो नारिंगी हमखास मंदावतो. म्हणून पेट्यांचा लॉट टाकण्याआधी प्रेसवाल्याकडून एक प्रूफ, म्हणजे छापलेला नमुना घ्या, आणि ते ट्यूबलाइटखाली नको, उन्हात नेऊन बघा. पेटी विकायची असते ती हायवेच्या कडेला.