पोर्टेबल हार्ड डिस्क कशी पारखून घ्यावी

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की आमच्या सिंधुदुर्गात रात्री दशावताराच्या असतात. मी हौसेने शूट करतो. पहाटे दहीकाला आटपून घरी येतो तेव्हा कॅमेऱ्याच्या कार्डात चाळीसेक जीबी साठलेले असतात. कॅमेरा २४ मेगाबिटने लिहितो, म्हणजे सेकंदाला ३ मेगाबाइट, तासाला जवळपास ११ जीबी. चार तासांचं नाटक ४३ जीबी. अशी दहा नाटकं झाली की ५१२ जीबीच्या लॅपटॉपमध्ये सी ड्राइव्हची पट्टी लाल होते आणि बाहेरची हार्ड डिस्क घेण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

गेल्या काही वर्षांत स्वतःसाठी आणि नातलगांसाठी मिळून बऱ्याच डिस्का घेतल्या. दोन वाईट निघाल्या. त्यामुळे आता मी डिस्क विकत घेतो तेव्हा ती लगेच वापरायला काढत नाही. आधी दोन रात्री तिची परीक्षा, मग संसार.

घेण्याआधी: किती आणि कसली

लॅपटॉपमधून बाहेर काय जाणार आहे ते आधी बघा. फोटो, व्हिडिओ, जुनी कागदपत्रं, स्कॅन केलेले सातबारे, हे सगळं हलवता येतं. विंडोज आणि त्यात बसवलेले प्रोग्रॅम मात्र जिथल्या तिथेच राहू द्या. हलवायच्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये आकार बघा आणि त्याच्या दुपटीहून थोडी मोठी डिस्क घ्या. माझा अनुभव असा की डिस्क कधी रिकामी राहत नाही.

खोक्यावर १ टीबी लिहिलेलं असतं आणि विंडोज दाखवतं ९३१ जीबी. इथे कोणी फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. २ टीबीची डिस्क याच हिशेबाने १.८१ टीबी दिसते. ९३१ च्या जागी ९१० दिसले तर मात्र विचारा.

खरी फसवणूक वेगळीच असते. माझ्या मावसभावाने ऑनलाइन एका विक्रेत्याकडून '१६ टीबी'ची डिस्क दोन हजारांच्या आत घेतली. बहिणीच्या लग्नाचं सगळं शूटिंग त्यात टाकलं, लॅपटॉपवरून पुसलं. महिन्याने उघडायला गेला तर हळदीचे व्हिडिओ चालले आणि पुढच्या फायलींची नावं तेवढी दिसली, उघडेना एकही. शेवटी आम्ही ती डबी बारीक सुरीने फोडली. आत नखाएवढं मेमरी कार्ड सर्किटमध्ये खोचलेलं आणि हाताला वजन लागावं म्हणून गोंदाने चिकटवलेली लोखंडी पट्टी. असल्या डबीला मोठा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. जागा संपली की ती नवीन माहिती जुन्यावरच लिहीत सुटते आणि लॅपटॉपला 'झालं' म्हणून कळवते. फिरत्या चकतीच्या, खिशात मावणाऱ्या डिस्का आज ६ टीबीच्या वर मिळत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्का बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात आता तीनच उरल्यात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. खोक्यावर नाव दुसरं असलं तरी आतला माल यांच्यापैकी कोणाचा तरी. त्यामुळे रंग आणि कव्हरच्या नक्षीसाठी जास्त पैसे मोजू नका.

मग हार्ड डिस्क घ्यायची की एसएसडी, म्हणजे चकतीऐवजी मेमरी चिपांवर साठवणारी डिस्क? नुसतं साठवून कपाटात ठेवायचं असेल तर हार्ड डिस्क, कारण तेवढ्याच पैशात कितीतरी जास्त जागा मिळते. रोज बॅगेत टाकून होडीतून, एसटीतून फिरवायची असेल, किंवा बाहेरच्या डिस्कवरूनच थेट एडिटिंग करायचं असेल तर एसएसडी. हार्ड डिस्कमध्ये चकती फिरत असते आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. बंद डिस्क एसटीत हिंदकळली तरी तिला फारसं काही होत नाही, हेड बाजूला लावून ठेवलेलं असतं. चालू डिस्क टेबलावरून पडली तर मात्र गेलीच समजा. एसएसडीत हलणारं काही नसतं, पण ती वर्षानुवर्षं विजेशिवाय ट्रंकेत ठेवायची वस्तू नव्हे.

वेग: कौलारू डिस्कची गोष्ट

खोक्यावरचा '५ गिगाबिट' हा आकडा केबलचा असतो, डिस्कचा नसतो. पोर्टेबल हार्ड डिस्क यूएसबी ३ वर सेकंदाला १०० ते १३० मेगाबाइट देते. तीच जुन्या यूएसबी २ च्या खोबणीत लावली की ३५ च्या आसपास. ३०० जीबी हलवायला पहिल्या खोबणीत पाऊण-एक तास, दुसरीत जवळजवळ अडीच तास. यूएसबी ३ ची खोबण आतून बहुधा निळी असते, पण सगळ्याच कंपन्या हा रंग पाळत नाहीत.

आणि तरीही मोठी कॉपी चालू असताना अर्ध्या वाटेत वेग वीस-तीसवर येतो. लोक म्हणतात डिस्क खराब. ती खराब नसते, कौलारू असते. आताच्या बहुतेक पोर्टेबल हार्ड डिस्कांत माहितीच्या ओळी कौलांसारख्या एकावर एक चढवलेल्या असतात, म्हणजे तेवढ्याच चकतीत जास्त मावतं. आता शाकारणी आठवा. मधलं एक फुटलं कौल बदलायचं तर वरची ओळ काढून पुन्हा बसवावी लागते. डिस्कही तेच करते. जुनं पुसून त्या जागी नवं लिहायचं म्हटलं की शेजारच्या ओळी उचलून पुन्हा लिहिते. साठवून ठेवायच्या व्हिडिओंना याने काही बिघडत नाही. रोज पुसणं-लिहिणं असेल तर ही डिस्क घेऊ नका.

दुकानात

कुडाळ-कणकवलीच्या दुकानातून घेत असाल तर खोकं तिथेच फोडा. सील आधी उघडून चिकटवलेलं नाही ना, डिस्कवरचा सिरियल नंबर आणि खोक्यावरचा एकच आहे ना, हे बघा. पक्कं बिल घ्या आणि नंबर त्यावर लिहायला लावा. वॉरंटी किती उरली ते कंपनीच्या वेबसाइटवर हा नंबर टाकून तिथेच फोनवर बघता येतं. वॉरंटीत बदलून मिळते ती डिस्क, आतल्या फायली नाहीत.

केबल हातात घ्या. बऱ्याच डिस्कांना अजून ती रुंद चपटी, मध्ये खाच असलेली पिन असते. ती सैल होण्यात पटाईत. लावून हळूच हलवा, लाइट लुकलुकली तर दुसरा नग मागा.

घरी, पहिली रात्र

अजून एकही फाइल टाकू नका. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो हा फुकट प्रोग्रॅम लॅपटॉपवर घ्या. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद आतच ठेवत असते, तिला 'स्मार्ट' म्हणतात. हा प्रोग्रॅम ती वाचून दाखवतो. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे परत करा.

निळ्यावर समाधान मानू नका. वर उजवीकडे 'पॉवर ऑन अवर्स' आणि 'पॉवर ऑन काउंट' बघा. नव्या डिस्कवर तास शून्य-एक आणि काउंट एक आकडी असायला हवं. मला एकदा 'नवी कोरी' म्हणून मिळालेल्या डिस्कवर हजाराच्या वर तास दिसले. दुकानदाराने आधी मशीनचा दोष सांगितला, मग स्क्रीनचा फोटो दाखवल्यावर निमूट बदलून दिली.

खालच्या यादीत तीन ओळी शोधा: ०५, सी५ आणि सी६. पहिलीत खराब झाल्यामुळे बदललेल्या जागा, दुसरीत संशयित जागा, तिसरीत वाचताच न येणाऱ्या जागा. नव्या डिस्कवर तिन्हींच्या शेवटच्या रकान्यात शून्यच हवं. हे आकडे सोळाच्या पटीतल्या पद्धतीने छापलेले असतात, त्यामुळे मध्येच ए, बी, एफ दिसले तर गोंधळू नका. शून्य कुठल्याही पद्धतीत शून्यच. काही डिस्कांच्या डबीतलं सर्किट ही माहिती बाहेर येऊच देत नाही. तसं झालं तर दुसऱ्या रात्रीच्या परीक्षेवर सगळी भिस्त.

मग लाइट-पंखा बंद करून डिस्क कानाशी न्या. बारीक घूं आवाज चालेल. ठराविक अंतराने टक्, टक्, टक् ऐकू आलं तर आधी केबल बदला आणि हबमधून, म्हणजे एका खोबणीच्या अनेक खोबणी करणाऱ्या डबीतून, न लावता थेट लॅपटॉपला लावा. यूएसबी २ ची खोबण ५०० मिलिअँपिअरच देते, यूएसबी ३ ची ९००. वीज कमी पडली तरी डिस्क असाच आवाज करते. थेट लावूनही टकटक थांबली नाही तर परत करा.

दुसरी रात्र: पूर्ण भरून बघा

हीच खरी परीक्षा, आणि बहुतेक लोक हीच टाळतात. एच२टेस्टडब्ल्यू हा छोटा प्रोग्रॅम डिस्कची सगळी जागा स्वतःच्या फायलींनी भरतो आणि मग प्रत्येक बाइट परत वाचून जुळवतो. मॅक किंवा लिनक्सवर एफ३ नावाचा प्रोग्रॅम हेच काम करतो. लटकी १६ टीबी इथे पकडली जाते, आणि खऱ्या डिस्कवरची कच्ची जागाही.

२ टीबीला लिहून-वाचून दहा-बारा तास लागतात. चकतीच्या आतल्या बाजूला वेग निम्म्यावर येतो, म्हणून रात्री सुरुवातीला दाखवलेल्या वेळेवर विसंबू नका. लॅपटॉपचा 'स्लीप' बंद करून ठेवा. मे महिन्यात वळवाचे ढग दिसत असतील तर ही परीक्षा पुढे ढकला. नुसती लाइट गेली तर लॅपटॉपची बॅटरी सांभाळून घेते, पण गडगडाट सुरू झाला की चार्जर भिंतीतून काढायचा, हे आपल्याकडे पोरालाही माहीत असतं. मध्ये एकदा डिस्कला हात लावून बघा. कोमट हवी, चटका बसता कामा नये. अनेक पोर्टेबल डिस्कांच्या माहितीपत्रकात चालवायचं तापमान ५ ते ३५ अंश लिहिलेलं असतं आणि आपली मेमधली दुपार तिथेच पोचते. म्हणून परीक्षा रात्री, फरशीवर, उशी-चादरीपासून लांब.

सकाळी शेवटी एकही चूक नसल्याचा निरोप आला की प्रोग्रॅमच्या फायली पुसा आणि क्रिस्टलडिस्कइन्फो पुन्हा उघडा. ०५, सी५, सी६ अजून शून्य? मग डिस्क तुमची. एक जरी वाढलेला असेल तर 'एवढ्याने काय होतं' म्हणू नका. बदलून मिळायची मुदत चालू आहे तोवर न्या. ही मुदत ऑनलाइन अनेकदा दिवसांवर मोजलेली असते, म्हणून खोकं फोडायचं ते दोन रात्री मोकळ्या असतील तेव्हाच.

फॉरमॅटचं, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवायच्या पद्धतीचं, थोडक्यात: फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस. मॅक आणि विंडोज दोन्हींवर वापरायची असेल तर एक्सफॅट, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण त्यावर लिहीत नाही. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅटवर 'सेफली रिमूव्ह' न करता केबल ओढायची सवय महागात पडते.

पावसाळ्याचं काय

जूनपासून चार महिने भिंतीलासुद्धा बुरशी येते, तिथे डिस्कची काय कथा. चकतीच्या डबीला हवेसाठी गाळणी लावलेलं बारीक छिद्र असतं आणि यूएसबीच्या पिनांवर खारी हवा हिरवट थर आणते. मी डिस्क घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवतो, सोबत निळ्या सिलिका जेलच्या पुड्या. दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर निळे होईपर्यंत तापवायचे आणि परत डब्यात. तांदळात ठेवायचा सल्ला ऐकू नका, त्याचा भुसा पिनांत जातो आणि मागोमाग मुंग्या येतात. एसीच्या खोलीतून डिस्क दमट पडवीत आणली तर लगेच लावू नका, आतलं दव उडायला तासभर द्या. आणि पावसाळ्यातही महिन्यातून एकदा ती चालू करा.

आता राहिली दुसरी प्रत. लॅपटॉपवरून पुसून डिस्कवर ठेवलं तर प्रत एकच राहिली, फक्त जागा बदलली. क्लाउड आहे म्हणाल, तर ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आल्यावर दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांत आठवड्यानुआठवडे वीज नव्हती, नेटवर्क तर दूरच. दुसरी प्रत घरातच ठेवाल, तर २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा एकाच कपाटातल्या दोन्ही डिस्का एकाच पाण्यात गेल्या असत्या.

आमच्यात संकासुराची भूमिका करणारे एक म्हातारे आहेत. भेटले की विचारतात, "काय रे, माझो संकासूर आसा मां त्येच्यात?" त्यांच्या प्रयोगाची दुसरी प्रत डोंबिवलीला भावाच्या कपाटात आहे. दर वर्षी चवथीला तो गावी येताना जुनी डिस्क घेऊन येतो, मी नवीन भरलेली तयार ठेवतो. गणपती पोचवून झाले की ती त्याच्या पिशवीत, करंज्यांच्या डब्याखाली, टॉवेलात गुंडाळून कोकण रेल्वेने मुंबईला जाते.