ओली वाळू, काळी वाळू आणि पंधरा इंची कॉइलचा मोह

मेटल डिटेक्टरसोबत आलेल्या ११ इंची कॉइलवर (दांड्याच्या टोकाची, वाळूवरून फिरवायची चकती) हात बसला, दोन-चार अंगठ्या निघाल्या, की प्रत्येकाच्या डोक्यात एकच भुंगा शिरतो: आता मोठी कॉइल घेऊ की छोटी? आणि बहुतेक जण मोठी घेतात. मीही घेतली. जास्त खोल जाते म्हणतात, मग विचार कसला करायचा! उत्तर आधीच सांगून टाकतो: गोव्यात ओल्या वाळूत काम करायचं असेल, तर दुसरी कॉइल ६ इंची घ्या. मोठीचं पुढच्या हंगामात बघा.

आता कारण. हे जरा लांबण लावून सांगणार आहे, कारण नेमकं हेच मला कुणी धड सांगितलं नाही आणि हंगामाचा मोठा भाग त्यात गेला.

मोठी कॉइल घरात कधीच हरत नाही. टेबलावर ठेवा, समोर हवेत नाणं धरा, ती जास्त अंतरावरून ओरडते. विकणारा हाच प्रयोग दाखवतो, व्हिडिओवालेही हाच दाखवतात. कोरड्या, पांढऱ्या, स्वच्छ वाळूतही तीच जिंकते. मग तुम्ही खूश होऊन ओहोटीला मिरामारच्या पाण्याच्या रेषेवर जाता आणि मशीन कडकड करायला लागतं. टार्गेट नाही, काही नाही, नुसती कडकड.

होतं असं की, खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू स्वतःच वीज वाहते. मशीनच्या दृष्टीने ती एक भलंमोठं पसरट टार्गेटच असते. १५ बाय १२ इंची लंबगोल कॉइलचं क्षेत्रफळ ६ इंची गोल कॉइलच्या पाचपट भरतं. म्हणजे मिठाचा आवाज तेवढ्या मोठ्या भागातून आत येतो, अंगठी मात्र होती तेवढीच राहते. लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना कुणाच्या पैंजणाचा आवाज ऐकायचा असेल, तर कान मोठा करून उपयोग नाही, बँडच जास्त ऐकू येईल.

मग तुम्ही काय करता? सेन्सिटिव्हिटी (मशीन किती बारीक आवाज ऐकतं ते) खाली आणता. वीसवरून सोळा, सोळावरून बारा. मशीन गप्प बसतं, तुम्हाला बरं वाटतं. पण ज्या खोलीसाठी पैसे मोजले, ती तिथेच गेली. आता तुमची १५ इंची कॉइल साध्या ११ इंचीपेक्षाही वर-वरच बघते आहे, आणि तुम्हाला त्याचा पत्ता नाही. मशीन शांत म्हणजे किनारा रिकामा, असं समजून पुढे जाता. अंगठी पायाखालीच.

त्यात काळ्या वाळूची भर. पावसाळ्यात लाटा हलकी वाळू ओढून नेतात आणि इल्मेनाइट, मॅग्नेटाइटसारखी जड खनिजं मागे पट्ट्यांत साचतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये किनाऱ्यावर काळपट रेघा दिसतात त्या ह्याच. एक लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि त्या रेघेवरून ओढा. पिशवीला काळ्या मिशा फुटल्या, तर त्या जागी मोठी कॉइल काढूच नका. मीठ आणि मॅग्नेटाइट एकत्र आलं की जमिनीचा आवाज गप्प करणारं ग्राउंड बॅलन्सचं सेटिंग कुठल्याही एका जागी नीट बसत नाही.

घाबरू नका, तुमचं मशीन बिघडलेलं नाही. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं मशीन असेल तर हा त्रास जास्त होतो, एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणाऱ्यात कमी. पल्स इंडक्शनवाल्या, म्हणजे विजेचे तुटक झटके सोडून शोधणाऱ्या, मशीनला मीठ फारसं छळत नाही, पण ते लोखंड नीट ओळखत नाही. बागा-कळंगुटला ते घेऊन गेलात तर दिवसभर बिअरची बुचं खणत बसाल.

कुणाच्याही, माझ्याही, शब्दावर कॉइल घेऊ नका. पितळेची पडद्याची कडी घ्या आणि तिला नायलॉनची दोरी बांधा, नाहीतर तीच शोधत बसावं लागेल. ओल्या वाळूत आधी काहीही न पुरता सेन्सिटिव्हिटी वाढवत न्या. कडकड सुरू झाली की दोन घरं खाली या. मग कडी १५ सेंमीवर पुरा, नंतर २०, नंतर २५. दोन्ही कॉइल एकाच जागी, एकाच ओहोटीत वापरून बघा. दोन्ही बाजूंनी फिरवल्यावर सारखाच आवाज आला तरच सिग्नल धरायचा. एकाच बाजूने आलेला धरू नका. आणि पाण्याच्या रेषेला समांतर चाला. कोरड्यातून ओल्यात वर-खाली करत राहिलात तर जमीन सारखी बदलते आणि प्रयोगाला अर्थ उरत नाही.

आता छोटी कॉइल कुठे कमावते ते. शॅकच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलाच्या, समोर. तिथे वीतभर वाळूत तीन बुचं, एक फॉइल आणि एखादं नाणं असतं. मोठ्या कॉइलखाली हे सगळं एकदमच येतं, लोखंड शेजारच्या चांगल्या सिग्नलला गिळून टाकतं आणि मशीन सरळ नकार देतं. ६ इंची कॉइल दोघांच्या मधून जाते. शिवाय आपला रुपया १९९२ पासून फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा आहे, म्हणजे चुंबकाला चिकटणारा. मशीनमध्ये लोखंडाचे सिग्नल बंद करून फिरणाऱ्याला तो नीट सापडणारच नाही. मशीन पडद्यावर प्रत्येक वस्तूसाठी एक आकडा दाखवतं; परदेशी व्हिडिओ बघून नाण्यांचे ते आकडे पाठ करणाऱ्यांना हे कळायला वेळ लागतो. कांदोळीला २००० साली वाळूत रुतलेलं रिव्हर प्रिन्सेस जहाज कित्येक वर्षं तिथेच गंजत होतं, त्यामुळे त्या बाजूला पत्र्याचे तुकडे लागले तर नवल नाही. तिथेही छोटीच.

आणि मंगळसूत्र. पर्यटकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून देण्याचं काम करणार असाल, तर हा परिच्छेद दोनदा वाचा. सोन्याची अंगठी हे बंद वर्तुळ असतं, त्यात प्रवाह मस्त फिरतो, सिग्नल खणखणीत येतो. साखळीत तसं होत नाही. मशीनला अख्खी साखळी दिसत नाही, एकेक कडी दिसते, आणि बारीक कडी म्हणजे जवळजवळ काहीच नाही. दहा ग्रॅमची नाजूक साखळी दोन ग्रॅमच्या अंगठीपुढे मुकी असते. जोडवीचंही तसंच, टोकं उघडी असली की सिग्नल पडतो. कोल्हापूरच्या एका बाईंचं मंगळसूत्र शोधताना त्या मागून सारख्या म्हणत होत्या, “दादा, निदान वाट्या तरी मिळू देत.” बरोबर बोलत होत्या बिचाऱ्या. आवाज आला तो वाट्यांचाच: तुटक, खरखरीत, फॉइलसारखा, चाराच्या आसपास नाचणारा आकडा. तो आकडा मिठाच्या आकड्याच्या अगदी शेजारी असतो, म्हणून मीठ गप्प करायला खालचे आकडे बंद केलेत तर वाट्याही बंद होतात. तिथे ११ इंची कॉइलने नुसतं कुजबुजल्यासारखं केलं होतं. ६ इंचीने दोन्ही बाजूंनी धरलं. वाळू चाळायच्या जाळीदार स्कूपमध्ये आधी काळे मणी दिसले.

मोठी कॉइल अगदीच टाकाऊ आहे असंही नाही, तिचं काम वेगळं आहे. हिशेब करा. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकडा शोधायचा आणि प्रत्येक फेरी अर्ध्या कॉइलने आधीच्या फेरीवर चढवायची. ६ इंचीने साधारण १३० ओळी होतात, ११ इंचीने ७०, १५ इंचीने पन्नासच्या थोड्या वर. वेळसांव ते मोबोर हा सलग पट्टा, कोरडी मऊ वाळू, कचरा कमी, तिथे १५ इंची फिरवा, मजा येते. फक्त खांद्याची तयारी ठेवा. पाण्यात तर ती लाटेबरोबर ओढ घेते. गुडघाभर पाण्यात मोठी कॉइल घेऊन तासभर उभं राहणाऱ्याला माझा नमस्कार, मला जमत नाही.

वेळेचं म्हणाल तर अ‍ॅपपेक्षा कोकणातला जुना हिशेब लक्षात ठेवा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला अकरा-बाराच्या मध्ये, म्हणजे ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे, आणि उधाणामुळे पाणीही लांब मागे जातं. हे मला शिकवलं ते रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढणाऱ्या एका मामांनी. त्यांनी आयुष्यात डिटेक्टर हातात धरलेला नाही. वाळू कुठे कापली गेली आणि कुठे भरली, हे ते चालता-चालता सांगतात. “माझी सेटिंग्ज कॉपी करा” म्हणणाऱ्या गुरूंपेक्षा असा एक माणूस शोधा. ते गुरू बहुधा त्यांची जुनी १५ इंची विकायच्या बेतात असतात.

कायद्याचं हलक्यात घेऊ नका. १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची ठेव सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनी वस्तू म्हणजे पुरावस्तू, तिला १९७२ चा वेगळा कायदा लागतो. आग्वादसारख्या संरक्षित किल्ल्याच्या आसपास मशीन काढूच नका. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात, तिथे हंगामात खणणं म्हणजे सरळ गुन्ह्याला आमंत्रण. कुणाची हरवलेली अंगठी त्याच्याच सांगण्यावरून शोधत असाल तर गोष्ट वेगळी, पण आधी तिथल्या जीवरक्षकांना सांगा आणि खड्डे बुजवा.

सेकंड हँड कॉइल घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी खालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून बघा. आत ओली वाळू साचलेली असते आणि तीच खोटे सिग्नल देते. कव्हर धुऊन बसवा, केबल दांड्याला घट्ट गुंडाळा, कारण सैल केबल हलली तरी मशीन ओरडतं. कॉइल दांड्याला जिथे जोडतात त्या कानांना तडा आहे का ते बोट फिरवून बघा. आणि व्यवहार दुकानात किंवा घरात नको, ओहोटीला पाण्याच्या रेषेवर करा. विकणारा तिथे यायला तयार नसेल, तर नका घेऊ.